तिसरा घाणा

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी बातमी ऐक, ख्यालीखुशाली नंतर. घरी बिअर करणाऱ्यांना सरकार परवाना देणार आहे आणि या शहरातला पहिला परवाना मला मिळणार आहे. "मिळणार आहे" असं लिहिलंय, "मिळावा" असं नाही, हे नीट वाच.

इतक्या वर्षांनी पत्र कसं काय, असं तुला वाटेल. तुझी आठवण आली म्हणून लिहितेय असा गैरसमज नको. आई गेल्यावर तू बॅग भरलीस तेव्हा दारात उभा राहून म्हणाला होतास, "ताई, इथे ना हॉप्सची फुलं, ना धड जव, ना बाटल्यांना झाकणं. जन्मभर बादलीतले बुडबुडे बघत बसशील." तर बघत बसले, आणि आता त्या बुडबुड्यांचं दुकान निघतंय. एवढं कळवायला टपालाचा खर्च करायला माझी ना नाही.

परवान्याची अट एकच, पण खाष्ट आहे. लागोपाठ तीन घाणे, तिन्हींची चव एक. खात्याचे साहेब प्रत्येक घाण्याला येणार, चाखणार, दोन बाटल्या सील करून नेणार आणि पुढच्या वेळी त्यांच्याशी ताडून बघणार. एक घाणा जरी इकडचा तिकडे झाला तर अर्ज रद्द, आणि पुन्हा अर्ज कधी घेतील ते त्यांनाही माहीत नाही. हॉस्पिटलमधल्या चादरी शिवायची नोकरी मी सोडली आहे. सोडली म्हणजे सोडलीच, ते मशीनसुद्धा दुसरीला मिळालं. तेव्हा मागे फिरायचा प्रश्न उरला नाही, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे.

पहिला घाणा झाला. साहेब आले, खिशातून रुमालात गुंडाळलेला स्वतःचा ग्लास काढला. एक घोट पुरे असतो म्हणे. त्यांनी ग्लास संपवला, मग दुसरा मागितला, आणि म्हणाले, "हा तपासणीचा भाग नाही."

तुझ्या तिकडे बिअरच्या कंपनीत पोत्यांनी मिळत असेल सगळं. इथे जव मिळतात ते घोड्यांच्या खाद्याच्या दुकानात. भिजवून, बाहेरच्या खोलीत चादरींवर पसरून मोड आणते, तोवर घरात सगळ्यांनी भिंतीला धरून चालायचं. वाळवायचं काम पाववालीच्या भट्टीत, तिचे पाव निघाले की. कोपऱ्यावरची पाववाली तुला आठवत असेल, तिची जीभ अजून भट्टीइतकीच गरम आहे. कडवटपणाला हॉप्सच्या फुलांऐवजी एका झाडाची कडू साल आणि संत्र्याचं साल. झाकणं जुनीच, नळवाला हातोडीने ठोकून पुन्हा सरळ करतो. हा नळवाला तू गेल्यानंतरचा. मोरीचा नळ दुरुस्त करायला आला होता, एक ग्लास प्यायला आणि मग आमच्या घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळात राहिलाच. नळ अजून गळतो.

आशीर्वाद.

ताई


५ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

इकडे सगळं उत्तम. साहेबांनी जाताना एक सूचना केली होती, "चव छान आहे, पण पुढच्या वेळी सामान जरा लख्ख ठेवा, मला कागदावर लिहावं लागतं." मला कोणी अस्वच्छ म्हटलेलं खपत नाही. त्या एका वाक्यावर मी पदर खोचला. पिंप, बादल्या, गाळणी, नळ्या, सगळं सोड्याने घासलं, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवलं, उकळतं पाणी ओतलं. रिकाम्या बाटल्याही त्याच पाण्यातून काढल्या. पाववाली बघायला आली तर म्हणाली, "अगं, इथे आता ऑपरेशन करता येईल."

ढवळणीसुद्धा घासली. आईची लाकडी ढवळणी, दाराच्या मागची. तिचं टोक तू जाताना सुरीने तासून नेलंस, ती खाच आता किती स्पष्ट दिसते म्हणून सांगू. चोरी चांगली चमकते.

दुसरा घाणा पिंपात आहे. थोडा आळसावलाय. थंडी आहे, म्हणून असेल.

सहज विचारते. तुमच्या कंपनीत ती आपल्या ढवळणीची कपची तू दिली होतीस, तिच्यातलं विरजण अजून जिवंत असेल ना? तुमची एक बाटली मागे इथे कोणीतरी आणली होती. मी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला, कारण त्यात आईचा हात होता. बाटलीवर मात्र कोणा भलत्याच माणसाची सही. तेव्हा जिवंत असणारच. सहज विचारलं.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

थंडीचं कारण खोटं होतं. विरजण मेलं. मीच मारलं.

तुम्ही त्याला यीस्ट म्हणता आणि काचेच्या नळीत ठेवता. आपल्याकडे ते कधी नळीत नव्हतं, ते ढवळणीत होतं. आई घाणा ढवळायची, ढवळणी न धुता दारामागे टांगायची, वाळवायची आणि पुढच्या घाण्यात तीच घालायची. लाकडाच्या रेघांमध्ये ते झोपायचं आणि गोड पाणी लागलं की उठायचं. आईने जन्मात ती ढवळणी धुतली नाही. मी लहानपणी एकदा धुवायला घेतली होती तेव्हा तिने माझ्या हातावर फटका मारला होता, तो मला आठवतो. आणि आता एका साहेबाच्या एका वाक्यापायी तीच ढवळणी मी ब्लीचिंगमध्ये रात्रभर भिजत घातली. शहाणीला अक्कल शिकवायची सोय नसते बघ.

पिंपात गोड पाणी तसंच निपचित पडून राहिलं. वर फेस नाही, बुडबुडा नाही. चौथ्या दिवशी आंबूस वास आला आणि ओतून दिलं.

दुसऱ्या कोणाकडून वाटी का आणत नाहीस, असं तू म्हणशील. आपली वाटीची पद्धत आहेच, ज्याचा घाणा उसळला त्याने वरचा फेस वाटीतून घरोघरी द्यायचा, आभार मानायचे नाहीत, पैसे घ्यायचे नाहीत. पण गेलं वर्ष जवाचं जहाजच आलं नाही. मंडळातल्या कोणीच घाणा लावला नाही, सगळ्यांच्या वाट्या सुकल्या. घोड्यांच्या तोंडचा घास मी पळवला म्हणून माझ्या एकटीकडे चालू होतं. पहिल्या घाण्याच्या बाटल्यांच्या तळाशी गाळ असतो, त्यातूनही उठवता आलं असतं. पण साहेब खूश होऊन गेले त्या आनंदात आम्ही सगळ्या बाटल्या संपवल्या आणि, मागच्या पत्रात लिहिलंय तशा, धुतल्या. सील केलेल्या दोन कचेरीत आहेत. मागायला गेले तर कारकून म्हणाला, "बाई, सील म्हणजे सील."

पाववालीचं पावाचं यीस्ट घालून पाहिलं. नळवाल्याने एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि विचारलं, "ही प्यायची की लोण्याशी खायची?"

साहेबांना सांगितलंय की दुसरा घाणा उशिरा होईल. मेच्या पंधरा तारखेच्या आत दोन्ही घाणे व्हायला हवेत, नाहीतर परवाना गेला. नोकरी गेलेलीच आहे.

तेव्हा पाठव. टपालाने नको, उन्हात मरेल. बंदरावर येणाऱ्या कोणाच्या तरी हाती दे, अंगाशी धरून आणायला सांग. विनंती वगैरे करणार नाही. तू नेलंस ते आपल्या दोघांचं होतं, त्यातलं माझं पाठव.

ताई


१६ एप्रिल

धाकट्या,

पोचलं.

एका जहाजावरचा स्वयंपाकी घेऊन आला. औषधाची बाटली, तुझ्या मोज्यात गुंडाळलेली. मोजा तुझाच, अंगठ्याला भोक आहे. सोबत चिठ्ठी नाही. एक ओळ लिहायला काय झालं होतं रे? पण मी तो स्वयंपाकी दारात असतानाच बाटली उघडून वास घेतला आणि मग रडू आवरेना. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं रस्त्यात काही सांडलं. त्याला बसवलं, पाव खायला दिला, तर तो म्हणाला, "तुमचा भाऊ बंदरावर तीनदा येऊन बजावून गेला, झोपताना उशाशी ठेव म्हणून." एवढं कळलं मला. बस झालं.

आता त्या विरजणाचे कारनामे ऐक. तुमच्याकडे राहून लाडावलंय ते. उत्तम जव, मोजलेली साखर, तोंडासमोर ताट. माझं घोड्यांच्या जवाचं पाणी त्याला दिलं तर दिवसभर रुसून तळाशी बसलं. मी पिंपाला पाठ टेकून बसले आणि त्याला चार शब्द सुनावले. नळवाला म्हणाला, "ताई, ते जंतू आहेत, त्यांना कान नसतात." दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण वर उचललं गेलं होतं आणि फेस जमिनीवर आला होता. मी नळवाल्याला झाडू दिला.

ढवळणी मी त्याच पिंपात घालून ठेवली आहे. लाकडात पुन्हा मुरेल की नाही माहीत नाही. मुरेल.

दुसरा घाणा उत्तीर्ण! साहेबांनी सील फोडलं, दोन ग्लास शेजारी ठेवले, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, डोळे मिटून. मी खिडकीतून बाहेर बघत होते, जणू माझा काही संबंधच नाही. मग ते म्हणाले, "यातला कोणता कुठला ते मला सांगता येत नाही." मी म्हणाले, "तेच तर काम आहे आमचं."

फेस वाटीवाटीने सगळ्यांकडे गेला. पाववाली, नळवाला, शाळेचे निवृत्त मास्तर, वरच्या मजल्यावरची परिचारिका, सगळ्यांनी पुन्हा घाणे लावलेत, जवाचं जहाज एकदाचं आलंय. एकाच घरात ठेवायची चूक मी आता करणार नाही. जिन्यात असा वास सुटलाय की खालचा भाडेकरू रोज काहीतरी विचारायच्या निमित्ताने वर येतो.

तिसरा घाणा पुढच्या आठवड्यात लावते. दुकानाला जागा बघितली आहे, आपल्या इमारतीखालची, पूर्वी तिथे इस्त्रीचं दुकान होतं. भिंतीला मळखाऊ रंग देणार आहे.

एक ओळ लिही. हुकूम समज.

ताई


३ मे

धाकट्या,

ओळ लिहायला सांगितली तर तू ही ओळ लिहावीस! "ताई, बाटली नेताना फाटकावर दुसऱ्या फेरीत सापडलो. कामावरून काढलं. तू काळजी करू नकोस, घाणा कसा झाला?"

म्हणजे पहिली बाटली दिलीस, ती पुरणार नाही असं वाटून दुसरी आणायला गेलास आणि पकडला गेलास. मला न विचारता. एक बाटली पुरते, मूर्खा! आईने एका ढवळणीवर अख्खं आयुष्य काढलं. पण तू लहानपणापासून असाच, एक लाडू मागितला की दोन मुठी भरून आणणारा.

पत्र मी तीन-चार वेळा वाचलं. मग पाववालीकडे गेले आणि तिच्या भट्टीजवळ बसून राहिले. तिने गरम पाव माझ्या हातात ठेवला, पैसे न मागता. पहिल्यांदाच.

कंपनीने तुला चोर म्हटलं असेल. तो हक्क माझा आहे. इतकी वर्षं मी तो एकटीने वापरला आहे आणि तो दुसऱ्या कोणाला मी देणार नाही. त्यांच्या फाटकावर उभ्या असलेल्या कोण्या गणवेशवाल्याने माझ्या भावाचे खिसे तपासावेत, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुला माहीत आहे, माझं जेवण कशानेच चुकत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते, तिसरा घाणा पिंपात उसळतोय. जोरात. साहेब पुढच्या सोमवारी येणार आहेत.

आता यापुढे काय करणार आहेस ते लिहिलं नाहीस. लिही.

ताई


११ मे

धाकट्या,

हे पत्र बसून वाच.

रविवारी सकाळी तुमच्या कंपनीचा माणूस माझ्या दारात. टाय, चकचकीत बूट, हातात फळांची करंडी. इथे त्यांच्या बाटल्या विकायची बोलणी करायला आला होता म्हणे, तर म्हटलं भेटून जावं. मी बसायला खुर्ची दिली. नळवाला कोपऱ्यात झाकणं ठोकत होता, त्याला मी उठू दिलं नाही.

टायवाला गोड बोलणारा. "बाई, आम्हाला तुमच्या भावाबद्दल आदर आहे. कामाचा माणूस. पण ते यीस्ट आमच्या प्रयोगशाळेचं आहे. त्याला नंबर आहे."

"काय नंबर?"

त्याने सांगितला. बराच लांब होता.

"माझ्या आईने त्याला नंबर दिला नव्हता," मी म्हणाले. "नावही दिलं नव्हतं. ती फक्त ढवळायची."

"आमच्याकडे कागद आहेत."

"असतील. कागद उकळून बघा, फेस येतो का."

नळवाला ठोकायचा थांबला. टायवाला हसला, रागावला नाही. मग मुद्द्यावर आला. पिंपातला घाणा आणि बाटलीतलं उरलंसुरलं मी त्याच्यासमोर मोरीत ओतायचं, आणि ते कंपनीचं होतं असं दोन ओळींत लिहून द्यायचं. एवढं केलं की प्रकरण मिटलं. तुला ते पुन्हा कामावर घेणार. जुन्या जागी नाही, वरच्या. तसं पत्रच त्याच्या खिशात होतं, सहीसकट. मला दाखवलं. तुझं पूर्ण नाव इतक्या सुंदर अक्षरात छापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "चहा घेता का?" आणि आत गेले.

नळवाला मागोमाग आला. हळूच म्हणाला, "ताई, ओता की! त्याला काय कळतंय? आमच्या घरोघरी वाट्या आहेत. तो जिना उतरला की मी स्वतः वाटी आणून देतो. विरजण कुठे जात नाही आणि भाऊची नोकरी परत."

"आणि घाणा?"

"घाणा जाईल. उद्या साहेबांच्या पाया पडू. देतील मुदत."

"नाही देणार. पंधरा तारखेला मुदत संपते."

"मग परवाना जाईल," तो म्हणाला. "पण भाऊ भाऊ आहे."

बरोबर बोलला. चहा उकळून अर्धा झाला तरी मी तिथेच उभी. धाकट्या, मी तुला खोटं सांगणार नाही, मला परवाना हवा होता. मला त्या खालच्या खोलीत माझं दुकान हवं होतं, इतकं की दुखत होतं. आणि ते दोन ओळींचं लिहून देणं मला घशाखाली उतरत नव्हतं. आईने न धुतलेली ढवळणी, माझ्या हातावरचा फटका, शेजारणींच्या वाट्या, हे सगळं एका टायवाल्याचं होतं असं मी माझ्या हाताने लिहायचं? तुला शंभर नोकऱ्या मिळाल्या असत्या तरी मी ते लिहिलं नसतं.

पण खरं कारण हेही नाही. खरं कारण ते पत्र बघताना कळलं. ते पत्र मी तुला मिळवून दिलं असतं तर तू तिथेच राहिला असतास. वरच्या जागेवर. तिथेच म्हातारा झाला असतास आणि मला वर्षाकाठी एक ओळ पाठवली असतीस, काळजी करू नकोस म्हणून.

मी बाहेर आले. टायवाल्याला चहा दिला, करंडी परत दिली आणि म्हणाले, "ओतणार नाही. लिहूनही देणार नाही. तुम्हाला यीस्ट परत हवंच असेल तर या जिन्यात आणि पुढच्या दोन गल्ल्यांत मिळून किती घरं आहेत ती मोजा आणि प्रत्येक मोरीशी एक माणूस उभा करा."

"तुमच्या भावाचं काय?" त्याने विचारलं.

"त्याचं मी बघते."

त्याने तुझं पत्र माझ्यासमोर घडी करून पुन्हा खिशात घातलं. चहा मात्र संपवून गेला.

सोमवारी साहेब आले. तीन ग्लास मांडले. पाववाली, नळवाला, मास्तर, परिचारिका, सगळे भिंतीला धरून उभे, चादरींवर पुढच्या जवांना मोड येत होते ना. साहेबांनी तिन्ही चाखले. पाणी प्यायले. पुन्हा चाखले. मग टोपणाचं पेन उघडून सही केली आणि म्हणाले, "आता मला यापुढे पैसे देऊन प्यावी लागणार." पाववालीने इतक्या जोरात टाळी वाजवली की खालचा भाडेकरू धावत वर आला.

परवाना भिंतीवर लावला आहे. रंग अजून ओला आहे. पिंपं दोन घेतली, दोन्ही मला एकटीला उचलत नाहीत.

तुझी नोकरी मी घालवली. पहिल्यांदा नाही, पण दुसऱ्यांदा नक्कीच मी, पूर्ण शुद्धीत, तुला न विचारता. परत मिळत होती आणि मी ती दारातून परत पाठवली. माफी मागत नाही, कारण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करेन. तुला माझा संताप येईल. यायलाच हवा. मी तुझ्या जागी असते तर भांडी फोडली असती.

पत्रातून भांडू नकोस, पत्रातून तुला कधी नीट भांडता आलं नाही. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.

ताई